लॉनचं कापलेलं गवत घरच्या घरी कसं वापरता येईल?

तुम्ही लिहिलंय की जुळे सोलापुरात घर आहे, पुढे छोटं लॉन आहे, दर कापणीला पोतंभर गवत निघतं. ड्रममध्ये भरून ठेवलं तर चार दिवसांत नाक धरायची वेळ येते आणि घंटागाडीत द्यायला जिवावर येतं. मीही सोलापुरातच राहतो, दारात लॉन आहे, त्यामुळे इथल्या उन्हात आणि इथल्या पाण्यात जे चालतं तेवढंच सांगतो.

आधी त्या वासाचं बघू. ताज्या गवतात वजनाच्या पाऊण हिश्श्याहून जास्त पाणीच असतं. मशीननं कापलेली पाती बारीक असतात, एकमेकींना चिकटतात आणि ड्रममध्ये त्यांचा गच्च थर बसतो. आत हवा शिरत नाही, मग हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. गवतात नत्र (नायट्रोजन) भरपूर, म्हणून आधी आंबूस आणि मग नाकात झोंबणारा अमोनियाचा वास येतो. थोडक्यात, ओलं आणि दाबून ठेवलं की संपलं. यावरचा इलाज सोलापुरात फुकट मिळतो, तो म्हणजे ऊन.

गच्चीवर एखादी विटलेली चादर अंथरा (सोलापुरात कुणाच्या घरात ती नसते?), कडांवर विटा ठेवा आणि गवत बोटाच्या पेराएवढ्या थरात पसरा. दुपारी एकदा हात फिरवून खालचं वर करा. एप्रिल-मेमध्ये सकाळी पसरलेलं संध्याकाळी उचलता येतं, थंडीत दोन दिवस धरा. वाळलं की नाही हे रंगावरून ठरवू नका, वरून पिवळं पडलेलं गवत आत ओलं असू शकतं. मूठभर घेऊन आवळा. चुरचुर वाजलं तर झालं. तळहाताला गार लागलं तर परत पसरा, कारण तसंच पोत्यात भरलं की ते आतून तापतं आणि पांढरी बुरशी धरते.

पण मुळात सगळंच गवत गोळा करायला हवं का? वेळच्या वेळी कापत असाल, म्हणजे एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त काढत नसाल, तर तुकडे बारीक पडतात. ते लॉनवरच राहू द्या. पाती आठवडाभरात मातीत जिरतात आणि लॉनला वर्षभर लागणाऱ्या नत्राचा जवळपास चौथा भाग त्यातूनच परत मिळू शकतो. लॉन घाण दिसेल म्हणून माळी नाक मुरडतो, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. पावसाळ्यात गवत फोफावतं, कापणी लांबते आणि जुड्याच्या जुड्या पडतात. त्या मात्र उचलाव्याच लागतात, नाहीतर खालचं लॉन पिवळं पडतं.

उचललेल्या गवताचा मला पटलेला पहिला उपयोग म्हणजे आच्छादन. आपली काळी माती सुकली की भेगाळते आणि त्या भेगांतून खालचीही ओल उडून जाते. नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात हे परवडत नाही. कढीपत्ता, जास्वंद, मोगरा, डाळिंब, कशाच्याही आळ्यात आधी पाणी द्या आणि मग वाळलेल्या गवताचा दोन-अडीच इंच थर द्या. खोडापासून दोन-तीन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर बुंधा कुजतो. गवत ताजंच घालायचं असेल तर अगदी पातळ विखरा. जाड घातलं की वर पापड धरतो आणि पाणी त्याच्यावरून वाहून जातं. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना आणखी एक फायदा आहे. कुंडीतल्या मातीवर पांढरट क्षार चढतात ते पाणी उडून गेल्यामुळे. माती झाकली की तेही कमी होतं.

इथं एक गोष्ट नीट बघून घ्या : हरळी. तुमच्या लॉनमध्ये ती असणारच. कापलेल्या ढिगात नुसती पाती असतील तर काळजी नाही, पण त्यात जमिनीवर सरपटणाऱ्या, पेरं असलेल्या काड्या आल्या असतील तर थांबा. एक काडी उचलून बघा. प्रत्येक पेरावर बारीक फुगवटा दिसेल. ओल मिळाली की तिथूनच मूळ फुटतं आणि मोगऱ्याच्या कुंडीत हरळीचं रान माजतं. अशा काड्या वाकवल्यावर कटकन मोडेपर्यंत वाळवायच्या. लव्हाळ्याच्या गाठी आणि फुलावर आलेलं गाजरगवत तर या ढिगात येऊच देऊ नका. गाजरगवत उपटताना हातमोजे घाला, बऱ्याच जणांच्या अंगाला खाज सुटते.

आता कंपोस्ट. लोक म्हणतात, गवत वाळवलं की तो ‘सुका कचरा’ झाला, म्हणजे खताला लागणारा कर्ब (कार्बन) त्यातून मिळेल. तसं होत नाही. हिरवं असताना कापून वाळवलेल्या गवतातलं पाणी जातं, नत्र बरंचसं तिथंच राहतं. कडब्याची गोष्ट वेगळी. ज्वारी पिकेपर्यंत ताटातलं नत्र बरंचसं दाण्यात गेलेलं असतं, म्हणून कडबा खरा कर्बवाला. गवतात नत्राच्या एका भागाला कर्ब साधारण पंधरा ते वीस भाग असतो आणि खत नीट कुजायला तो पंचवीस-तीसच्या आसपास लागतो. म्हणजे वरून कर्ब द्यायलाच हवा. एक घमेलं गवत, दोन घमेली कडुनिंबाचा किंवा गुलमोहराचा वाळलेला पाला, कडब्याची कुट्टी मिळाली तर तीही. भुईमुगाच्या शेंगांची टरफलं आपल्याकडे काय कमी आहेत? ती हळू कुजतात, पण ढिगात पोकळी राखतात, त्यामुळे वास येत नाही. थोडी जुनी माती किंवा शेणकाला टाका, आठवड्याला एकदा वरखाली करा आणि पिळलेल्या फडक्याइतकी ओल ठेवा. मेमध्ये ड्रम सावलीतच हवा. घरगुती ड्रम मोठ्या ढिगासारखा तापत नाही, म्हणून त्यात तणाचं बी मरेल या भरवशावर राहू नका.

शेजारच्या गाईला घालू का, असं बरेच जण विचारतात. विळ्यानं कापलेलं, स्वच्छ, ताजं गवत लगेच दिलं तर चालतं. मशीनमधून निघालेलं, ढीग करून ठेवलेलं, गरम झालेलं गवत देऊ नका, जनावराचं पोट फुगू शकतं. लॉनवर तणनाशक मारलं असेल तर जनावरालाही नको, आळ्यातही नको आणि ड्रममध्येही नको.

गवत पाण्यात कुजवून ‘टॉनिक’ करायची टूम आहे. होतं ते, पण घरभर वास सुटतो, वर डासांना आयतं पाणी. मी त्या भानगडीत पडत नाही.

उन्हाळ्यात वाळवलेलं एक-दोन पोती गवत कोरड्या जागी भरून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये गच्चीवर काही वाळत नाही, तेव्हा स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर रोज त्याची एक मूठ टाकली की चिलटं कमी होतात. मात्र त्यासोबत पालाही टाकत जा, वर सांगितलेल्या कारणासाठी. पोती जमिनीला टेकवू नका, विटांवर ठेवा आणि लाकडी चौकटीपासून लांब. वाळवीला असलं गवत फार आवडतं.