धडक झाली, मग वजन कुठे गेलं?

प्रश्न: डार्क मॅटर दिसत नाही म्हणतात, मग ते फक्त गणित जुळवायला धरलेलं नाही हे कशावरून? आणि दोन दीर्घिका समूहांच्या टकरीचा जो फोटो पुरावा म्हणून दाखवतात त्यातला निळा भाग म्हणजे डार्क मॅटरच का?

उत्तर: आधी निळ्याचं सांगते. तो फोटो नाहीये, नकाशा आहे. समूहाच्या मागे खूप लांब असलेल्या दीर्घिकांचा प्रकाश येताना गुरुत्वाकर्षणामुळे वाकतो, त्यामुळे त्यांचे आकार किंचित ताणलेले दिसतात, ते ताण मोजून वस्तुमान कुठे किती हे काढलं आणि त्याला निळा रंग दिला. गुलाबी भाग म्हणजे चंद्रा या अवकाश दुर्बिणीने एक्स-रेमध्ये टिपलेला तापलेला वायू.

आता मुख्य गोष्ट. हा बुलेट क्लस्टर, आपल्यापासून साधारण ३७० कोटी प्रकाशवर्षांवर. दोन समूह एकमेकांच्या आरपार गेले, दीर्घिकांमध्ये अंतरं प्रचंड असल्यामुळे त्या न आपटता निघून गेल्या, पण वायू वायूला भिडला, तापला, रेंगाळला आणि मधेच मागे राहिला. आणि लक्षात घ्या, समूहातल्या साध्या पदार्थाचा मोठा वाटा वायूचाच असतो, तारे त्यामानाने फारच कमी! म्हणजे जग फक्त साध्या पदार्थाचं असतं तर प्रकाश सगळ्यात जास्त वायूपाशी वाकायला हवा होता. २००६ साली डग्लस क्लोव आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो वाकतो वायूला सोडून पुढे, दीर्घिकांपाशी. मला तरी हा पुरावा फार भक्कम वाटतो, कारण गुरुत्वाकर्षणाचा नियम थोडा बदलून दीर्घिकांचं फिरणं समजावता येतं पण ओढच वायूपासून बाजूला सरकलीये हे समजावताना असा नियम बदलू पाहणाऱ्यांनाही काहीतरी न दिसणारा पदार्थ घ्यावाच लागतो.

शिवाय डार्क मॅटर वायूसारखं अडलं नाही, म्हणजे ते स्वतःशीही फारसं टकरत नाही. २०१५ साली अशा ७२ टकरी एकत्र तपासल्या, त्यातही तेच निघालं. पण डार्क मॅटर नक्की कुठल्या कणांचं आहे हे यातून कळत नाही.

एक अडचणीची केसही आहे, एबेल ५२० नावाचा असाच टकरीतला दीर्घिका समूह. तिथे २००७ साली मधोमध, दीर्घिका जवळपास नसलेल्या जागी, डार्क मॅटरचा ढीग असल्याचं एका टीमने सांगितलं. मग २०१२ मध्ये हबलचे फोटो घेऊन दोन टीम्सनी वेगवेगळं मोजलं, एकीला तो ढीग परत दिसला, क्लोवच्या टीमला नाही.