जर्मनीला निघण्यापूर्वी फोनच्या नंबरांबद्दल

तुमच्या यजमानांची अमेरिकी लष्करातून जर्मनीत, कायझर्सलाउटर्नजवळच्या तळावर तीन वर्षांसाठी बदली झाली आहे, बरोबर तुम्ही आणि सात वर्षांचा मुलगा निघाला आहात, आणि फोनचा खर्च वाचवण्यासाठी जर्मन नंबर न घेता घरच्या वायफायवर आणि व्हॉट्सॲपवरच सगळे भागेल का, असे तुम्ही विचारले आहे. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे व्हावे असे ठरवले होते. पण 2019 च्या जूनमध्ये आम्ही तिथे गेलो तेव्हा मीही नेमका हाच हिशेब मांडला होता आणि तो आठ महिने रेटलाही होता, त्यामुळे आता हात आवरत नाही.

परदेशी बदली झालेल्या सैनिकाला मोबाइलचा करार दंड न भरता मोडता येतो, त्यासाठी हुकमाची प्रत जोडून लेखी कळवावे लागते, हे सगळे निघण्यापूर्वीच्या बैठकीत तुम्हाला सांगतील, ते मी पुन्हा उगाळत नाही. मात्र करार सुटला तरी हप्त्यांवर घेतलेल्या फोनचे उरलेले पैसे आम्हाला एकरकमी भरावे लागले, आणि तो फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमसाठी अनलॉक करून घेताना मला त्या दुकानात चार खेपा घालाव्या लागल्या. काउंटरवरच्या मुलाचे म्हणणे असे की त्यांच्या नियमात 'डिप्लॉयमेंट', म्हणजे मोहिमेवर रवानगी, हा शब्द आहे आणि आमच्या कागदावर 'पर्मनंट चेंज ऑफ स्टेशन', म्हणजे तळाची बदली, असे लिहिले आहे, तेव्हा हे त्यात बसत नाही. सामान बांधून झालेले, घर रिकामे, आणि मी एका शब्दावरून वाद घालत उभी. हे काम तुम्ही दोन महिने आधी उरकून टाका. शिवाय अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांना चौदाव्या मॉडेलपासून सिमची खाचच नसते. तुमचा फोन तसा असेल तर जर्मनीत जे सिम घ्याल ते ई-सिमच्या, म्हणजे फोनमध्येच उतरवून घ्यायच्या सिमच्या, रूपात मिळते का, हे आधी पाहून ठेवा, नाहीतर स्वस्त सिम हातात येईल आणि घालायला जागा नसेल.

आता माझी चूक सांगते. माझा अमेरिकी नंबर मी वीस डॉलर भरून गूगल व्हॉइस या इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनसेवेवर नेला. जर्मनीतून अमेरिकेला फोन फुकट, मेसेज फुकट, कराडशी बोलायला व्हॉट्सॲप, म्हणजे महिन्याचा खर्च शून्य. याचा मला फार अभिमान वाटत होता. पहिला खोडा बँकेने घातला. तसले इंटरनेटवरचे नंबर बऱ्याच अमेरिकी बँका ओटीपीसाठी धरत नाहीत, आणि आमची बँक त्यांतलीच निघाली. शेवटी नाताळच्या सुटीत डॅलसला गेले तेव्हा तोच नंबर मी अल्ट्रा मोबाइल या अमेरिकी कंपनीच्या तेव्हाच्या 3 डॉलर महिन्याच्या प्लॅनवर हलवला. त्यात शंभर मिनिटे आणि शंभर मेसेज मिळत, आणि वायफाय कॉलिंग, म्हणजे त्या नंबराचे फोन-मेसेज वायफायवरून येण्याची सोय, चालू असले की जर्मनीतल्या स्वयंपाकघरातही बँकेचा ओटीपी येई. यात एकच पथ्य आहे: सिम चालू करणे, वायफाय कॉलिंग लावणे आणि त्यासाठी लागणारा आपत्कालीन पत्ता भरणे, ही तिन्ही कामे अमेरिकेची जमीन सोडण्याआधी करा. पुढे या नंबराचा आणखी एक उपयोग निघाला. एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या, खात्यावर परदेशी नंबराने यूपीआय वापरायची सोय ज्या दहा देशांसाठी 2023 च्या जानेवारीत जाहीर झाली, त्यांत अमेरिका आहे आणि जर्मनी नाही. तोपर्यंत मी भारतातले सिम जुन्या फोनमध्ये डेटा बंद करून ठेवत असे आणि माझा भाऊ कराडहून त्याचे रिचार्ज करत असे.

म्हणजे माझा अमेरिकी नंबर 3 डॉलरमध्ये जिवंत राहिला. पण तो कितीही स्वस्तात जगवला तरी जर्मन नंबराचे काम करत नाही. हे मला ज्या दिवशी कळले तो दिवस 2020 च्या फेब्रुवारीतला आहे आणि मुलीच्या शाळेचा विषय निघाला की तो अजूनही डोक्यात जातो. तळावरच्या अमेरिकी शाळेऐवजी आम्ही तिला हौसेने गावच्या जर्मन शाळेत घातले होते. ती दुसरीत होती. प्रवेशाच्या फॉर्मवर संपर्कासाठी मी माझा +1 ने सुरू होणारा नंबर लिहिला, कारण माझ्याकडे दुसरा नव्हताच, आणि फॉर्म घेणाऱ्या बाईंनी तो निमूटपणे ठेवून घेतला. त्या दिवशी मधल्या सुटीत मुलगी ओल्या पायऱ्यांवर पडली आणि तिचे उजवे मनगट मोडले. शाळेच्या फोनवरून परदेशी नंबर लागतच नव्हता. यांचा फोन नेहमीप्रमाणे कुलूपबंद कप्प्यात होता, कारण हे ज्या इमारतीत काम करत तिथे फोन आत नेता येत नसे. शाळा सुटायच्या वेळी मी नेहमीसारखी फाटकाशी पोहोचले तर ती ऑफिसमधल्या बाकावर बसलेली, मनगटावर ओल्या रुमालाची घडी, दप्तर डाव्या हातात घट्ट धरलेले. दोन तास ती तशीच बसून होती. "आम्ही फोन केला होता, तो लागत नाही," एवढेच मला सांगण्यात आले, आणि ते खरेही होते. शाळेने फॉर्म घेतानाच सांगायला हवे होते, शेजारच्या घरी कुणाला पाठवायला हवे होते, हा वाद मी अजूनही मनातल्या मनात घालत असते. पण महिन्याला दहा युरो वाचवणारी मीच होते, हे त्या वादाच्या शेवटी दर वेळी येतेच.

दुसऱ्याच दिवशी सिम आणायला गेले. तिथे ठरावीक नावे आहेत: आल्डी आणि लिडल ही किराणा दुकाने, त्यांतले आल्डीचे सिम ओ-टूच्या नेटवर्कवर चालते, लिडलचे व्होडाफोनच्या, आणि कॉनग्स्टार ही टेलिकोम या जर्मन फोन कंपनीची धाकटी कंपनी आहे. तुमच्या गावात कोणते नेटवर्क येते हे शेजाऱ्यांना विचारूनच घ्या, कारण त्या डोंगराळ भागात दोन वळणांमध्ये रेंज नाहीशी होते. अशा जागेला जर्मन लोक 'फुंकलोख' म्हणतात आणि तो शब्द तुम्ही पहिल्याच आठवड्यात शिकाल. दोन वर्षांच्या करारात पडू नका, प्रीपेडच घ्या. दर चार आठवड्यांना दहा-पंधरा युरोंत पुरेसा डेटा मिळतो, फक्त चार आठवडे म्हणजे महिना नव्हे, वर्षाला तेरा वेळा पैसे भरावे लागतात. जर्मन बँकखाते नसले तरी अडत नाही. किराणा घेताना काउंटरवरच रिचार्जची पावती मिळते. हे सिम युरोपीय संघात सगळीकडे घरच्या दराने चालते, त्यामुळे आमचे हे सरावासाठी पोलंडला गेले असताना फोन हातात मिळे तेव्हा यांचे सिम तिथे चालत असे. स्वित्झर्लंड मात्र त्यात येत नाही, आणि बासेलच्या स्टेशनवर नकाशा उघडल्याबरोबर माझी शिल्लक संपली होती.

खरी दमछाक सिम चालू करताना होते. 2017 च्या जुलैपासून तिथे ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिम चालू होत नाही. आमचे हे 2014 साली मावनी या, नागरिक नसलेल्यांना भाषेसारख्या कौशल्यावर लष्करात घेणाऱ्या, अमेरिकी योजनेतून हिंदी भाषेच्या जोरावर भरती झाले आणि प्रशिक्षणातच अमेरिकी नागरिक झाले, त्यामुळे यांचा अमेरिकी पासपोर्ट व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटांत पास झाला. माझ्याकडे तेव्हा भारतीय पासपोर्ट होता. पलीकडच्या मुलीने तो कॅमेऱ्यापुढे उजवीकडे कलवायला लावला, डावीकडे कलवायला लावला, आणि मग हे ओळखपत्र चालत नाही, पोस्टात जा, असे सांगून कॉल बंद केला. पोस्टात गेले तर तिथल्या गृहस्थांना माझ्या नावात एका पुरुषाचे नाव का आहे हे कळेना. आपल्याकडे बाईच्या नावापुढे नवऱ्याचे नाव लावतात, हे मी तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि फॉर्मवर दोन्ही नावे माझीच म्हणून लिहिली. जवळजवळ तीन वर्षे मी त्या कंपनीच्या दफ्तरी अर्धी नवराच होते. पत्त्याचेही लक्षात ठेवा: लष्करी टपालाचा एपीओ पत्ता जर्मन कंपनीला चालत नाही आणि तुमचे घर ठरायला सुरुवातीचे काही आठवडे जातील, तेव्हा तुकडीकडून नवागतांसाठी जो सहकारी नेमून दिलेला असतो त्याचा पत्ता वापरू द्याल का, असे आधीच विचारून ठेवा.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारलेले नाही आणि मीही पाल्हाळ लावत नाही. एवढेच सांगते की जर्मन नंबर घेतल्यावर तिसऱ्या आठवड्यात मला पहिला स्थानिक फोन आला तो शेजारच्या आजींचा, प्लास्टिकच्या कचऱ्याची पिवळी पिशवी मी चुकीच्या दिवशी बाहेर ठेवली म्हणून. त्या रागावून बोलत होत्या आणि मी फोन ठेवल्यावर आनंदाने रडले. तोपर्यंत मी सगळ्यांना सांगत असे की इथली माणसे थंड आहेत, कुणी चौकशी करत नाही. त्यांनी चौकशी करावी असा नंबर मी कुणाला दिलेलाच नव्हता.

शेवटी यजमानांच्या नंबराबद्दल. यांचा नंबर आम्ही कायद्याच्या भरवशावर करारासकट सोडून दिला होता, कारण बदली तीन वर्षांपर्यंतची असेल आणि परतल्यावर नव्वद दिवसांत पुन्हा जोडणी घेतली तर तोच नंबर परत मिळतो. पण आमची मुदत सहा महिने वाढली, आम्ही 2022 च्या डिसेंबरात टेक्सासला परतलो, आणि तीन वर्षांच्या वर गेल्यामुळे तो हक्क संपला होता. नंबर दुसऱ्या कुणाला तरी देऊन झाला होता. तुमची मुदतही वाढू शकते, म्हणून तुमच्या दोघांचेही नंबर स्वस्त प्लॅनवर चालू ठेवा. यांचा ठेवला असता तर साडेतीन वर्षांचे 126 डॉलर झाले असते. माझे सासरे, अण्णा, स्मार्टफोन वापरत नाहीत. अडीनडीला लागेल म्हणून 2014 पासून ते दर वर्षी नव्या कालनिर्णयच्या मागच्या पानावर यांचा तो नंबर स्वतःच्या हाताने उतरवून ठेवतात. गेल्या दिवाळीत कराडला गेले तेव्हाही तो तिथे होता. मी त्याच्या खाली आमचा नवा नंबर लिहिला. जुना खोडला नाही, आणि तो गेल्याचे अण्णांना अजून सांगितलेले नाही.