वय झालं की टीम सोडते तेव्हा

प्रश्न: इतकी वर्षं टीमसाठी घाम गाळलेल्या खेळाडूला खेळ उतरला की अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉल लीगवाले सरळ सोडून देतात, हे बरोबर आहे का हो?

उत्तर: मनाला लागतंच. बोस्टन सेल्टिक्सचं बघा ना, पॉल पिअर्स 15 सीझन तिथे खेळला, 2008 ची चॅम्पियनशिप जिंकून दिली, तरी 2013 मध्ये पस्तिशीत त्याला केविन गार्नेटसोबत ब्रुकलिन नेट्सला देऊन टाकलं (मला तर तेव्हा फार राग आलेला), पण बदल्यात मिळालेल्या ड्राफ्ट पिक्समधूनच (म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या हक्कांमधूनच) पुढे जेलन ब्राऊन आणि जेसन टेटम हे स्टार खेळाडू आले. सोडणं चूक नाही, फक्त मान राखून सोडावं. जानेवारी 2014 मध्ये पिअर्स नेट्सच्या जर्सीत बोस्टनला खेळायला आला तेव्हा प्रेक्षक उभे राहिले, त्याचेही डोळे भरले, आणि 2018 मध्ये सेल्टिक्सने त्याचा जर्सीवरचा 34 नंबर कायमचा रिटायर केला, म्हणजे तो आता तिथे दुसऱ्या कुणाला मिळणार नाही.