आर्चबिशपांच्या यादीला इतिहास म्हणू नकोस

प्रिय विद्यार्थिमित्रा,

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या कॅथलिक महाधर्मप्रांतावरच्या (आर्चबिशपाच्या कारभाराखालच्या भागावरच्या) तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्या दोन प्रकरणांत आलार, जोलिवे, डेलाल, हर्ली, नेपियर, ज्वारा अशी ओळीने नावं आहेत आणि त्यांच्या नेमणुकीच्या तारखा. हे सगळं परिशिष्टात टाक. कोणता निर्णय कोणाला किती महागात पडला, हे शोधलंस तर नेतृत्वाबद्दल बोलता येईल.

आधी नकाशाचं बघ. 1850 मध्ये डर्बन ज्यात येतं त्या नाताळ प्रदेशाचं व्हिकारिएट, म्हणजे पूर्ण धर्मप्रांत होण्याआधीचं मिशनक्षेत्र, स्थापन झालं आणि ओब्लेट या कॅथलिक संघाच्या मिशनऱ्यांकडे सोपवलं गेलं. त्याची हद्द आजच्या महाधर्मप्रांताच्या कितीतरी पट मोठी होती. 1886 मध्ये किंबर्लीकडचा मुलूख वेगळा झाला, 1921 मध्ये मारियानहिल आणि झुलुलँड. डर्बन महाधर्मप्रांत झाला तो 1951 मध्ये. तू मात्र जुने-नवे आकडे शेजारी मांडून 'वाढ' काढून मोकळा झालास. वसई धर्मप्रांत 1998 मध्ये मुंबईपासून वेगळा झाला. त्याच्या आधीचे आणि नंतरचे मुंबईचे आकडे असेच मांडले तर अख्खी वसई धर्म सोडून गेली असं वाटेल!

पहिले व्हिकार, म्हणजे या व्हिकारिएटचे प्रमुख, आलार यांना तू अर्धी ओळ दिली आहेस. ते 1852 मध्ये नाताळला पोहोचले. झुलूंमध्ये काढलेलं सेंट मायकल मिशन काही रुजलं नाही. शेवटी 1862 मध्ये फादर जोसेफ जेरार्ड यांना घेऊन ते बासुथो लोकांचा राजा मोशोएशो याच्या मुलखात, म्हणजे आजच्या लेसोथोत गेले आणि तिथे काम उभं राहिलं. झुलूंनी पाठ का फिरवली आणि बासुथो राजाने दार का उघडलं, यावर चांगलं पानभर लिही. मोशोएशोचं स्वतःचं राजकारण त्यात होतंच. मिशनऱ्यांच्या पत्रांत ते आडून येतं, त्यामुळे सावकाश वाच.

आता डर्बनचे आर्चबिशप डेनिस हर्ली. निम्मा प्रबंध त्यांच्यावर जाणार हे उघड आहे आणि जाऊ दे. 31व्या वर्षी बिशप झालेला, 1992 पर्यंत त्याच जागी राहिलेला माणूस कोणत्याही अभ्यासकाला व्यापून टाकेल. त्यांचं लहानपण काही काळ रॉबेन आयलंडवर गेलं, म्हणून मंडेलांच्या तुरुंगवासाशी काव्यमय धागा जोडायचा मोह तुला झालाच आहे. तो परिच्छेद काढून टाक. वडील दीपगृहावर नोकरीला होते, म्हणून कुटुंब तिथे होतं. बस्स.

खरं नाट्य दोन कागदांत आहे. दक्षिण आफ्रिकेच्या बिशपांनी 1952 मध्ये वंशप्रश्नावर निवेदन काढलं आणि 1957 मध्ये दुसरं. दोन्ही वेळा बिशपांच्या परिषदेचे अध्यक्ष हर्लीच. पहिल्यात भेदभावाला विरोध आहे, पण बहुसंख्य कृष्णवर्णीय अजून गोऱ्यांच्या बरोबरीने एका समाजात येण्याइतके पुढे आलेले नाहीत, असा पालकाचा सूरही आहे. आज वाचताना अंगावर येतं. पाच वर्षांनी तीच मंडळी वर्णभेदाला मुळातच दुष्ट ठरवतात आणि वर कबूल करतात की आपल्याच शाळांत, सेमिनरींत, कॉन्व्हेंटांत, इस्पितळांत तो चालू आहे. या पाच वर्षांत काय झालं, हा तुझा प्रबंध. तू 1952चं निवेदन गाळलंस, बहुधा नायकाला डाग लागेल या भीतीने. उलट त्याच्याशिवाय 1957चं वजन कळणारच नाही.

मधल्या काळात कृष्णवर्णीयांचं शिक्षण सरकारच्या ताब्यात आणणारा बांटू शिक्षण कायदा आला, 1953 मध्ये. मिशन शाळा सरकारच्या हवाली करा, नाहीतर अनुदान विसरा, असा पेच होता. इतर बऱ्याच चर्चेसनी शाळा सोडल्या. कॅथलिक बिशपांनी देशभर निधी गोळा करून त्या राखल्या. मात्र अभ्यासक्रम सरकारचाच शिकवावा लागला, शिक्षकांचे पगार रोडावले आणि पुढे पैशाअभावी कित्येक शाळा बंद झाल्या. हा विजय होता का? मला नीट ठरवता आलेलं नाही. तूही घाईने ठरवू नकोस, पण शिक्षकांची बाजू मांड, कारण निर्णय बिशपांनी घेतला आणि कमी पगारात घर त्यांनी चालवलं.

वेगवेगळ्या चर्चेसना एकत्र आणणारी 1976ची डायकोनिया ही संस्था, नामिबियातल्या दक्षिण आफ्रिकी कूफूट पोलीस पथकाच्या अत्याचारांबद्दल बोलल्यामुळे 1984 मध्ये हर्लींवर भरलेला आणि 1985 मध्ये सरकारने मागे घेतलेला खटला, हे तू ठीक लिहिलं आहेस. तिथे हात लावू नकोस.

हर्लींनंतर आलेल्या नेपियर यांचा काळ मात्र फारच पातळ झालाय. ते फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरू, 2001 मध्ये कार्डिनल झाले आणि डर्बन जवळजवळ तीन दशकं त्यांच्याकडे होतं. वर्णभेद संपला, समोरचा शत्रू गेला, एड्सची साथ आली, बेकारी तशीच राहिली. अशा काळात बिशपाने काय करायचं? हर्लींच्या उजेडात उभं राहायला लागलेल्या माणसाला न्याय देणं अवघड असतं. ते अवघड काम तू कर. 2021च्या जानेवारीत, नेपियर यांच्यानंतर यायचे ते सहायक आर्चबिशप एबल गाबुझा कोविडने गेले. त्याच वर्षी ज्वारा यांची नेमणूक झाली. ते मारियानहिल मिशनऱ्यांच्या संघातले. डर्बनजवळच्या ज्या मारियानहिल मठाला 1895 मध्ये गांधीजींनी भेट देऊन कौतुकाने लिहिलं, तेच हे.

डर्बनला जाणार असशील तर इमॅन्युएल कॅथेड्रलच्या भागात एक दिवस नुसता फीर. जवळच जुमा मशीद, व्हिक्टोरिया स्ट्रीटचा बाजार, आणि पूर्वीच्या क्वीन स्ट्रीटला आता डेनिस हर्लींचं नाव. निवृत्तीनंतर याच कॅथेड्रलमध्ये ते साधे प्रमुख धर्मगुरू म्हणून राहिले. शेजारचं डेनिस हर्ली सेंटर 2015 मध्ये उघडलं. बेघरांना जेवण आणि दवाखाना तिथे चालतो. हर्लींच्या आठवणी तुला कोणीही सांगेल. तू तिथल्या लोकांना विचार की महिन्याचा किराणा आणि औषधं येतात कुठून, कोणत्या धर्माची माणसं जेवण वाढायला येतात, आणि महाधर्मप्रांताच्या तिजोरीतून त्यातलं किती भागतं.

तुझे,
सर