गाडीच्या पुढून डावीकडे धप-धप आवाज येतो, मेकॅनिक म्हणतो दोन्ही शॉकअप बदला. बदलू का?

इतक्यात बदलू नका. तुम्ही भुसावळचे, पावसाळ्यानंतर आवाज सुरू झाला, गाडी एका बाजूला ओढत नाही, टायरही सारखे झिजलेत, आणि मेकॅनिकने गाडी न चालवताच शॉकअप गेले म्हणून सांगितलं, असं लिहिलंय. गाडी न चालवता केलेल्या निदानाला मी काडीची किंमत देत नाही.

आमच्या घरी हेच झालं. मी यावलला राहते, अडावदकडे शाळेत शिकवायला जाते, गाडी रोज मीच चालवते. बुऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता, त्यावर केळीचे ट्रक आणि खाली काळी माती. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरून डांबर चांगलं दिसलं तरी रस्त्याला लाटा आलेल्या असतात आणि कड आधी खचते. समोरून ट्रक आला की डावं चाक त्या कडेवर उतरवावं लागतं. उतरलं की पायाखाली धप्प.

मी घरी नीट सांगितलं होतं: एकच चाक खाली गेलं तर आवाज येतो, शाळेपुढच्या स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली तर येत नाही. माझे दीर गाड्यांतले जाणकार समजले जातात. भाऊजी म्हणाले, "वहिनी, आवाज तो आवाजच. शॉकअप गेलेत." जळगावच्या एका गॅरेजात दोन्ही शॉकअप नवे टाकले, बिल दहा हजारांच्या वर गेलं. परत येताना तापीचा पूल यायच्या आतच पुन्हा धप्प.

मी सांगत होते त्यातच उत्तर होतं. पुढची दोन्ही चाकं स्टॅबिलायझर बारने, म्हणजे एका आडव्या पोलादी दांड्याने, जोडलेली असतात. बारच्या दोन टोकांना दोन लिंक, म्हणजे बारला चाकांकडच्या भागाशी जोडणाऱ्या छोट्या दांड्या. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार नुसता फिरतो, लिंकवर फारसा जोर येत नाही. एक चाक खाली आणि एक वर झालं की बार पिळला जातो, आणि लिंकचा जॉइंट ढिला असेल तर तो तिथे आपटतो. शॉकअप किंवा त्याचं वरचं माउंट (बॉडीला धरणारी रबरी बैठक) गेलं असतं तर स्पीडब्रेकरवरही आवाज आला असता.

शेवटी किनगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे मी एकटी गेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग स्वतः गाडी चालवून आले. जॅक लावलाच नाही. स्टेअरिंग पूर्ण वळवलं, चाकामागे हात घातला आणि पोराला गाडी टपापाशी धरून आडवी हलवायला सांगितली. "ताई, अठी बोट ठेवा बरं." लिंकच्या खालच्या जॉइंटवर मी बोट ठेवलं. वरचं रबर फाटलेलं, आतल्या ग्रीसमध्ये काळी माती जाऊन तिचा कडक लगदा झालेला, आणि गाडी हलेल तसा बोटाला कट्-कट् ठोका लागत होता. दोन्ही बाजूंच्या लिंक बदलल्या. शॉकअपच्या बिलापुढे तो खर्च किरकोळ होता. आवाज त्याच संध्याकाळी बंद.

भाऊजी अजून म्हणतात, नवे शॉकअप टाकले होते म्हणून लिंकचा गुण आला. तसं नाही. जुने शॉकअप मी गॅरेजमधून मागून आणले होते. दोन्ही कोरडे ठणठणीत, तेलाचा ओघळ नाही, रॉड दाबायला अंगाचा जोर लागतो आणि सोडला की सावकाश वर येतो. मेलेला शॉकअप असा वागत नाही. तुम्हीही काढलेला प्रत्येक पार्ट मागून घ्या. आणि गाडी रोज चालवणाऱ्या माणसाला आवाज कधी येतो, कधी येत नाही, हे ज्या गॅरेजात कुणी विचारत नाही, तिथे घरच्या जाणकारांनी कितीही आग्रह केला तरी गाडी ठेवू नका.

आता तुमच्या गाडीचं. मॉडेल लिहिलेलं नाही, म्हणून लिंकच असेल असं मी छातीठोक सांगणार नाही. काही जुन्या छोट्या गाड्यांत लिंक नसतेच, बारचं टोक थेट लोअर आर्ममध्ये, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांडीत, बसतं. ब्रेक मारताना किंवा रिव्हर्स घेताना धप्प होत असेल तर लोअर आर्मचे बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातले रबर, बघा. ते बदलले तर बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर असू द्या. चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग टंग करून उडत असेल तर वरच्या माउंटचं बेअरिंग. शॉकअपवर तेल ओघळलेलं असेल तर मात्र मेकॅनिकचं बरोबर आहे, जोडी बदला.

एक गोष्ट आधी तपासून घ्या. चाक उचलून वर-खाली हलवायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने लोअर आर्मचा बॉल जॉइंट, म्हणजे त्याच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा, बघायचा. तिथे प्ले (ढिलेपणा) दिसला तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मिस्त्रीला घरी बोलवा नाहीतर टो करून न्या. तो जॉइंट निसटला तर चालत्या गाडीचं चाक मुडपतं.