प्रिन्स नव्या लॅपटॉपवर का चालत नाही? जुन्या गेम्सबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न (सांगली): दादा, शाळेत असताना काकांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर प्रिन्स खेळायचो. परवा जुन्या हार्ड डिस्कमधे ते फोल्डर जसंच्या तसं सापडलं पण विंडोज 11 वर डबल क्लिक केलं की हे अॅप या पीसीवर चालणार नाही असा मेसेज येतो. कम्पॅटिबिलिटीमधे जाऊन विंडोज 95 पण निवडून बघितलं, तेच. फाइल करप्ट झाली असेल का?

उत्तर: नाही हो, फाइल एकदम ठणठणीत असणार, प्लीज डिलीट करू नका! प्रिन्स ऑफ पर्शिया डॉसवर (विंडोजच्या आधीची, नुसत्या कमांडवर चालणारी यंत्रणा) आला 1990 मधे आणि तो 16 बिट प्रोग्राम आहे, म्हणजे त्या जुन्या धाटणीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला. 64 बिट विंडोज 16 बिट प्रोग्राम चालवतच नाही, आणि विंडोज 11 तर 64 बिटमधेच येते. विंडोज 10 ची 32 बिट आवृत्ती होती तिच्यात थोडी सोय होती, पण विंडोज 10 चा सपोर्टच 2025 मधे संपला. कम्पॅटिबिलिटी मोडचं काम काय, तर प्रोग्रामने विचारलं की बाबा कुठली विंडोज आहे, तर त्याला जुनं नाव सांगायचं आणि काही जुन्या सवयी सांभाळून घ्यायच्या. डॉस काही त्यातून परत येत नाही, त्यामुळे तिथे कितीही पर्याय बदलत बसलात तरी उपयोग नाही.

तुम्हाला लागणार डॉसबॉक्स. फुकट आहे, आणि तो विंडोजच्या आत एक अख्खा जुना पीसी उभा करतो, जुना प्रोसेसर, जुनं साउंड कार्ड सगळं सॉफ्टवेअरमधे. इन्स्टॉल केल्यावर कमांड वगैरे टाइप करायची भीती वाटत असेल तर प्रिन्सच्या फोल्डरमधली मेन फाइल माउसने उचला आणि डॉसबॉक्सच्या आयकॉनवर सोडा, बस, गेम सुरू होतो. ऑल्ट आणि एंटर दाबलं की फुल स्क्रीन. स्पीड कमीजास्त वाटला तर कंट्रोल एफ 12 ने वाढतो, कंट्रोल एफ 11 ने कमी होतो (लॅपटॉपवर बरेचदा सोबत एफएन पण दाबावं लागतं, त्यातच लोक अडकतात). खिडकीच्या वरच्या पट्टीवर 3000 सायकल्स असं काहीतरी दिसेल, तो त्या नकली प्रोसेसरचा वेग. हा वेग आवरता येतो हे फार महत्त्वाचं आहे कारण त्या काळातले कित्येक गेम प्रोसेसर जेवढा पळेल तेवढे पळायचे, आजच्या मशीनवर तसेच सोडले असते तर कॅरॅक्टर हललेलं पण दिसलं नसतं.

आणि हो, 60 मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचं ते घड्याळ तसंच आहे, तेव्हा तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल जी ने सेव्ह करत चला, आमच्यापैकी कितीतरी जणांना हे तेव्हा माहीतच नव्हतं, लाइट गेली की परत पहिल्यापासून.

फाइल जपा म्हणून जे म्हणतोय त्याचं कारण सांगतो. हा गेम बनवणारे जॉर्डन मेक्नर, त्यांच्याकडे स्वतःच्याच गेमचा मूळ अॅपल टू या जुन्या कॉम्प्युटरवरचा कोड राहिला नव्हता. 2012 मधे त्यांच्या वडिलांना घरात एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या, जाणकारांच्या मदतीने त्या वाचल्या गेल्या आणि तो कोड सगळ्यांसाठी खुला झाला. बनवणाऱ्याची ही गत, मग आपलं काय. तुमचं ते फोल्डर काही एमबीचं पण नसेल, आजच दोन ठिकाणी कॉपी करा.

प्रश्न (पुणे, इयत्ता नववी): बाबांनी कॉलेजमधे असताना पैसे साठवून घेतलेली एका रेसिंग गेमची ओरिजिनल सीडी आहे. मी यूएसबी ड्राइव्ह लावून इन्स्टॉल केला, इन्स्टॉल नीट झाला पण चालू केलं की काहीच होत नाही. एरर पण नाही. मित्र म्हणतो क्रॅक डाउनलोड कर आणि अँटिव्हायरस बंद ठेव.

उत्तर: अँटिव्हायरस अजिबात बंद करू नकोस, ते आधी. तुझ्या बाबांची सीडी खरी आहे म्हणूनच ही अडचण आली असण्याची शक्यता जास्त आहे, वाईट वाटतं पण तसंच आहे. 2000 च्या आसपास सीडीची कॉपी होऊ नये म्हणून सेफडिस्क नावाचं कुलूप बऱ्याच गेम्सना असायचं. ते कुलूप विंडोजच्या अगदी आतल्या भागात एक ड्रायव्हर टाकून सीडी तपासायचं. तो ड्रायव्हरच सुरक्षेला भोक पाडतो असं लक्षात आल्यावर 2015 मधे मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 मधे तो ठेवलाच नाही आणि व्हिस्टा, 7 आणि 8 मधे पण अपडेट देऊन बंद केला. म्हणजे गेम बरोबर आहे, सीडी बरोबर आहे, फक्त कुलूप उघडणारा माणूस घर सोडून गेलाय. मायक्रोसॉफ्टचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण पैसे मोजून घेणाऱ्याला त्रास आणि कॉपी वापरणाऱ्याला काही नाही हे मला आजही पटत नाही.

मग करायचं काय? तोच गेम जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर मिळतो का बघ, तिथले गेम कुलूप नसलेले असतात आणि नव्या विंडोजवर चालतील असे करून दिलेले असतात, सेलमधे स्वस्तात पण मिळतात. नाहीतर घरात एखादं एक्सपीचं जुनं मशीन पडलं असेल तर तिथे सीडी मजेत चालेल, फक्त त्याला नेट जोडू नकोस. अनोळखी साइटवरचा क्रॅक म्हणजे कोणीतरी बदललेली फाइल, ती तू तुझ्या आईबाबांचं बँकेचं काम चालतं त्याच लॅपटॉपवर उघडणार आहेस, विचार कर.

सीडीची इमेज (अख्ख्या सीडीची फाइलमधली नक्कल) मात्र करून ठेव कारण सीडी कायम टिकत नाहीत. कुलुपाची कॉपी नीट येईलच असं नाही, पण आतल्या फाइल्स तरी वाचतील. एक बारीक गोष्ट, काही जुन्या सीड्यांवर गेमचं म्युझिक ऑडिओ सीडीसारखं वेगळ्या ट्रॅकवर असतं, ते आयएसओ या नेहमीच्या इमेज फाइलमधे येत नाही, त्यासाठी बिन आणि क्यू अशी दोन फाइल्सची जोडी बनवावी लागते. नाहीतर नंतर गाड्या पळतात पण गाणं नाही.

प्रश्न (नाशिक): आईला रिटायर झाल्यावर एक्सपीमधला पिनबॉलच हवाय, मोबाइलवरचे आवडत नाहीत. मिळेल?

उत्तर: मिळेल, आणि हे सगळ्यात सोपं. एक्सपीनंतरच्या व्हिस्टापासून तो विंडोजमधून गेला कारण 64 बिटसाठी तयार करताना चेंडू वस्तूंच्या आरपार जायला लागला होता, मायक्रोसॉफ्टमधल्याच एका इंजिनिअरने, रेमंड चेन यांनी, हे लिहिलंय. पण एक्सपीमधला 32 बिटवाला आजही चालतो. जुन्या मशीनमधे प्रोग्राम फाइल्स, त्यात विंडोज एनटी, त्यात पिनबॉल हे फोल्डर अख्खं उचलून नव्या लॅपटॉपवर डेस्कटॉपवर ठेवा. काकूंना सांगा, चेंडू उडवायला स्पेसबार दाबून धरायचा, मग सोडायचा.

प्रश्न (म्हापसा): व्हाइस सिटी चालतो पण माउस हलवला तरी काहीच होत नाही आणि गाड्या पण विचित्र चालतात.

उत्तर: हा पीसीवर 2003 चा गेम, माउसची ही तक्रार नव्या विंडोजवर अगदी नेहमीची आहे. सायलेंटपॅच नावाचा फुकट पॅच (गेममधल्या चुका दुरुस्त करणाऱ्या फाइल्स) आहे, फाइल्स गेमच्या फोल्डरमधे टाकायच्या, माउससकट बरेच जुने बग जातात. गाड्यांसाठी डिस्प्ले सेटिंगमधे फ्रेम लिमिटर ऑन करा. तुमचं नवं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम्स काढतं आणि गेमची गणितं तेवढ्यासाठी लिहिलेलीच नाहीत, म्हणून गाड्या बिघडतात.

प्रश्न (कोल्हापूर): एज ऑफ एम्पायर्स 2 ची जुनी कॉपी धाकट्या भावासोबत दोन महिने खेळत होतो. कोणीतरी सांगितलं म्हणून रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर केलं, तर सगळ्या सेव्ह गायब! भाऊ बोलत नाहीये माझ्याशी.

उत्तर: गेलेल्या नाहीत, आधी हे त्याला सांगा. जुने गेम सेव्ह स्वतःच्या फोल्डरमधेच लिहितात पण विंडोज प्रोग्राम फाइल्समधे साध्या प्रोग्रामला लिहू देत नाही, मग गुपचूप ती फाइल दुसरीकडे ठेवते आणि गेमला वाटतं आपल्याच घरात ठेवली. अॅडमिन म्हणून चालवलं की गेम खऱ्या फोल्डरमधे बघतो, तिथे काहीच नसतं. तुमच्या यूजरच्या फोल्डरमधे अॅपडेटा (हे लपवलेलं असतं, व्ह्यूमधून हिडन आयटम्स चालू करा), त्यात लोकल, त्यात व्हर्च्युअलस्टोअर, त्याच्या आत प्रोग्राम फाइल्स आणि मग गेमचं फोल्डर दिसेल, सेव्ह तिथे असतील. त्या कॉपी करा, गेमचं सगळं फोल्डर प्रोग्राम फाइल्समधून काढून सी किंवा डी मधे साध्या गेम्स नावाच्या फोल्डरमधे हलवा आणि सेव्ह तिथल्या सेव्ह फोल्डरमधे टाका. नंतर अॅडमिन लागत नाही. झालं की भावाला बोलवा, पहिला टर्न त्याला द्या.