पालीचा खंडोबा, एम.ए. आणि नोकरी

कराड तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय समाजशास्त्र. पुढे 'धर्माचा अभ्यास' करायचा म्हणते. माळकरी आजोबा म्हणतात, मग सरळ आळंदीला पाठवा. मामा म्हणतात, एमपीएससी सोडून हे काय खूळ! वडिलांचे प्रश्न तीन : हे शिक्षण नेमकं कसलं, ते घेऊन पोरीची श्रद्धा तर जाणार नाही ना, आणि यावर पोट भरेल का.

दादा, नमस्कार.

आधी आजोबांचं बघू. आळंदीला जोग महाराजांनी 1917 मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली. ज्ञानेश्वरी, गाथा, कीर्तनाची पद्धत शिकून मुलं तिथून कीर्तनकार, प्रवचनकार होऊन बाहेर पडतात. ते परंपरेत राहून परंपरा पुढे नेण्याचं शिक्षण आहे आणि त्याची योग्यता मोठी आहे. तुमच्या मुलीला हवंय ते वेगळं. विद्यापीठात धर्म शिकवत नाहीत, धर्माविषयी शिकवतात. हा फरक कायद्यानेही मानलेला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये सरकारी शाळांतलं बायबलचं सक्तीचं वाचन बंद केलं, पण त्याच निकालात धर्माच्या तटस्थ अभ्यासाला मोकळीक दिली. पुढे तिथल्या सरकारी विद्यापीठांत या विषयाचे विभाग भराभर वाढले. आपल्याकडेही राज्यघटनेचं कलम 28 पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देऊ देत नाही. धर्मांविषयीचा अभ्यास मात्र त्या मनाईत येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितलं.

तुमचं कुलदैवत पालीचा खंडोबा, असं पत्रात आहे, म्हणून तिथलाच दाखला देतो. पौषात पालीला खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, येळकोटाच्या गजरात भंडारा उधळतात, सगळं गाव पिवळं होतं. घरातल्या कोणत्याही म्हातारीला विचारलंत तर ती सांगेल की म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची, देव बाणाईच्या नादाने मेंढ्या राखायला गेला आणि दोघी सवतींचं जुंपलं. वाघ्या-मुरळीच्या गाण्यांत हेच येतं. आता जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक गुंथर सोन्थायमर यांनी काय केलं? ते धनगरांमध्ये फिरले, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि विचारलं की देवाला एक बायको पेठेतली आणि एक रानातली का? त्यांना त्यात स्थिरावलेला शेती-व्यापाराचा समाज आणि भटका पशुपालक समाज यांचं नातं दिसलं. देव दोघांचाही जावई. म्हातारीचं सांगणं ही आतली नजर, सोन्थायमरांचं वाचन ही बाहेरची. केनेथ पाइक या भाषाशास्त्रज्ञाने 1954 मध्ये या दोहोंना एमिक आणि एटिक ही नावं दिली, आणि आज या विषयाच्या पहिल्याच सत्रात ती कानावर पडतात. आतली नजर नीट लिहून घेतल्याशिवाय बाहेरची लावायची नाही, ही यातली शिस्त. अर्धे विद्यार्थी इथेच घसरतात.

त्याच खंडोबाची दुसरी बाजू बघा. संस्कृत मल्हारी माहात्म्यात तो मार्तंडभैरव होतो, शंकराचा अवतार, मणि-मल्लांचा संहारक. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी 1952 मध्ये कर्नाटकातल्या कूर्गच्या अभ्यासात 'संस्कृतीकरण' ही संकल्पना मांडली, ती जातींच्या चालीरीतींबद्दल, म्हणजे खालची मानलेली जात वरच्या जातीच्या रीती उचलून मान मिळवू बघते; पण रानातल्या देवाला पुराणात जागा मिळते तेव्हा तीच ओळखीची चाल दिसते. समाजशास्त्र शिकणाऱ्या तुमच्या मुलीला हा शब्द आधीच माहीत असणार. म्हणजे ती अगदी कोऱ्या पाटीने येत नाहीये.

आणखी एक संकल्पना, कारण ती घरातच सापडते. हळद लागलेल्या नवरीला आपण घराबाहेर पडू देत नाही. ती धड माहेरची राहिलेली नसते, धड सासरची झालेली नसते. व्हान गेनेप या अभ्यासकाने 1909 मध्ये अशा विधींचे तीन टप्पे सांगितले : तुटणं, मधली अवस्था, पुन्हा सामावणं. पुढे मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नरने ती मधली, उंबरठ्यावरची अवस्था उचलली आणि म्हटलं की यात्रेकरूंमध्येही तीच असते. रोजचे भेद गळून पडतात आणि एक मोकळा बंधुभाव तयार होतो. त्याने पंढरीच्या वारीचाही विचार केला. पण आपल्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे स्वतः दिंडीत चालल्या होत्या आणि एकाच दिंडीत ब्राह्मण वेगळे जेवतात, मराठे वेगळे जेवतात, हे त्यांनी टोचणी लागून लिहून ठेवलं होतं. सिद्धान्त एक सांगतो आणि पंगत दुसरंच दाखवते. तिथे खरा अभ्यास सुरू होतो. मला विचाराल तर टर्नर वाचण्याआधी इरावतीबाई वाचाव्यात.

श्रद्धेचं. निनियन स्मार्ट यांनी 1967 मध्ये इंग्लंडात लँकेस्टर विद्यापीठात या विषयाचा विभाग उभा केला. त्यांनी पाळायला सांगितलेला नियम असा की देव आहे की नाही हा निवाडा अभ्यासापुरता बाजूला ठेवायचा. देव नाकारायचा नाही, सिद्धही करायचा नाही. तरीही काही मुलं मधे अस्वस्थ होतात, हे लपवत नाही. काहींची श्रद्धा सुटते, काहींची मुरते, बऱ्याच जणांची होती तशीच राहते. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या लोकदेवात शोधलं. त्यामुळे वारीतला एक माणूस कमी झाल्याचं ऐकिवात नाही. आणि या अभ्यासातून माणूस निष्क्रिय होतो असं वाटत असेल तर महर्षी विठ्ठल रामजी शिंदे आठवा. ते 1901 ते 1903 ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचाच अभ्यास करत होते. परत आले आणि 1906 मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं.

आता पोटाचं, आणि इथे मी गोड बोलणार नाही. नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत धर्मांचा तौलनिक अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे, पण महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत त्या नावाची प्राध्यापकाची जागा शोधून सापडायची नाही. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात धर्म-अध्ययनाचा जुना विभाग आहे, नालंदा विद्यापीठात बौद्ध अध्ययन आणि तौलनिक धर्म शिकवतात, मुंबईत सोमैया विद्याविहारात अभ्यासक्रम आहेत, पुणे विद्यापीठात पाली भाषेचा विभाग आहे. माझा सल्ला असा : एम.ए. समाजशास्त्रातच करावं, प्रबंधाचा विषय धर्माशी जोडलेला घ्यावा आणि नेट समाजशास्त्रात द्यावी. पाया रुंद राहतो, जागाही तुलनेने जास्त. जेआरएफ, म्हणजे नेटमधूनच मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं सध्याच्या दराने महिना 37,000 रुपये मिळतात. म्हणजे तुमच्या खिशाला हात लावावा लागत नाही.

परदेशाचं म्हणाल तर पदव्युत्तर शिक्षण कर्ज काढून करू नये, पीएच.डी.ला शिष्यवृत्तीवरच जावं. जर्मनीत फी नसते असं सगळे सांगतात, पण हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे तिथे 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो भरावे लागतात. पीएच.डी.वाल्यांना त्यातून सूट आहे.

या क्षेत्रात टिकतो तो भाषा येणारा. संस्कृत किंवा पाली यांपैकी एक भाषा, आणि जुन्या मराठी कागदांची मोडी लिपी. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. देवस्थानांच्या सनदा, हक्क-मानाचे कज्जे मोडीत पडून आहेत, वाचणारे थोडे. तुमच्या मुलीने कन्नडही शिकावं; खंडोबालाच सीमेपलीकडे कर्नाटकात मैलार म्हणतात आणि दोन्ही बाजू वाचणारे अभ्यासक फार कमी. संग्रहालयं, दप्तरखाने, वारसा-जतनाची कामं, पत्रकारिता इथे या भाषाच उपयोगी पडतात, पदवीचं नाव नाही.

निर्णयाआधी एक करून बघा. येत्या पौषात तिला पालीला पाठवा. पालखीचा मान कोणाचा, पुजारी कोण, कोण कुठपर्यंत आत जातं, बायका कुठे उभ्या राहतात, ट्रस्टची पावती कोण फाडतं, हे सगळं तिने दहा-बारा पानांत लिहावं. त्यात 'अंधश्रद्धा' हा शब्द नको आणि 'जाज्वल्य' हाही नको. पानं माझ्याकडे पाठवा. लिहिताना तिला कंटाळा आला तर आवड वरवरची आहे आणि प्रश्न तिथेच मिटला. रात्र जागून लिहिलं तर मामांना सांगा की समाजशास्त्र हा यूपीएससीचाही वैकल्पिक विषय आहे, त्यामुळे स्पर्धा परीक्षेचा दरवाजा काही बंद होत नाही. वयाची अट मात्र तारखेसकट तपासून ठेवा, कारण पीएच.डी. लांबते तेव्हा पहिला फटका तिथेच बसतो.